दीपचंदी स्टाफवर लिहिताना: ३/४ आणि ४/४ आलटून-पालटून येतात तेव्हा

प्रश्न असा आहे: दीपचंदी या चौदा मात्रांच्या तालात बांधलेलं एक गाणं कॉयर, चार व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि तबला यांच्यासाठी स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य लिपीत, लिहायचं आहे. एक बार (मोजणीचा तुकडा) ३/४चा म्हणजे तीन ठोक्यांचा, पुढचा ४/४चा म्हणजे चार ठोक्यांचा, असा क्रम जवळजवळ शेवटपर्यंत चालतो. फक्त अंतऱ्याच्या शेवटी पाच बार वेगळे आहेत: ४/४, ४/४, २/४, २/४, २/४. प्रत्येक बारला टाइम सिग्नेचर, म्हणजे त्यात किती ठोके ते सांगणारे आकडे, लिहिली तर पान आकड्यांनीच भरतं. मग दोन्ही सिग्नेचर सुरुवातीला एकदाच लिहून चालेल का, की सरळ ७/४ करून टाकावं?

आधी उत्तर देते, मग कारणं. दोन सिग्नेचर शेजारी-शेजारी एकदाच लिहिणं ही छापील संगीतातली मान्य रीत आहे आणि तुमच्या गाण्याला ती शोभेल. ७/४सुद्धा चूक नाही, पण तुमच्या लयीला ते सोयीचं पडेल असं मला वाटत नाही. आणि ते पाच वेगळे बार मात्र मी तसे लिहिणारच नाही. त्यांची बेरीज करून पाहा: चार, चार, दोन, दोन, दोन म्हणजे चौदा. बरोबर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा. याचा अर्थ तबलजी खाली दीपचंदीच वाजवतो आहे, ठेका कुठेही तुटलेला नाही; वरचे सूर फक्त वेगळ्या वाटणीने चालले आहेत आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन मिळत आहेत. म्हणजे क्रम मोडलेलाच नाही. मोडला आहे तो तुमच्या कागदावर.

हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण बाकीचे बरेच निर्णय यावरच ठरतात. बारलाइन, म्हणजे बार वेगळे करणारी उभी रेघ, वादकाला एकच गोष्ट सांगते: पुढचा ठोका 'एक' आहे. कंडक्टरचा हात त्या ठोक्याला खाली येतो, मोजणारा माणूस तिथून पुन्हा 'एक' म्हणतो. दीपचंदीत असे चार खंड आहेत: धा धिं ऽ । धा गे तिं ऽ । ता तिं ऽ । धा गे धिं ऽ. पहिल्या, चौथ्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी, आठवीवर खाली (टाळीशिवाय मोकळा हात). म्हणून ३/४, ४/४, ३/४, ४/४ या चार बारांत एक आवर्तन चपखल बसतं आणि प्रत्येक बारलाइन एका टाळीवर किंवा खालीवर पडते. तबला असं वाजत असताना व्हायोलिनच्या पार्टमध्ये (त्या वाद्यापुरत्या कागदात) तुम्ही ४/४, ४/४, २/४ अशा बारलाइन टाकल्या, तर व्हायोलिनवाल्याचा 'एक' तबलजीच्या तिसऱ्या खंडात कुठेतरी मधेच पडेल. सगळे समेवर भेटतील हे खरं, पण त्या चौदा मात्रांत कोणी अडखळला तर त्याला पुन्हा पकडायला जागाच उरत नाही. आणि गंमत अशी की ज्या ताणासाठी तुम्ही ही वाटणी केली, तो ताणही हरवतो. वादकाला जे चार-चारचं साधं दिसतं, ते तो साधंच वाजवतो. ठेक्याच्या विरुद्ध आपण चाललो आहोत हे त्याला दिसलं तरच त्या जागेत जोर येतो.

तेव्हा ते पाच बार चार बारांत लिहा, नेहमीच्याच ३/४, ४/४ क्रमात, आणि वाटणी आघातांनी दाखवा. तुमचे पाच तुकडे पहिल्या, पाचव्या, नवव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर सुरू होतात. कागदावर याचा अर्थ असा: पहिल्या बारचा पहिला ठोका, दुसऱ्या बारचा दुसरा, तिसऱ्या बारचा दुसरा, चौथ्या बारचा पहिला आणि तिसरा. या पाच जागी आघाताचं चिन्ह द्या. पहिला सूर चार मात्रांचा धरलेला असेल तर तो पहिल्या बारात डॉटेड मिनिम (तीन ठोक्यांचा सूर) आणि टायने, म्हणजे सूर पुढे धरून ठेवणाऱ्या कमानीने, जोडलेला दुसऱ्या बारातला पहिला क्रॉचेट (एक ठोका) असा लिहावा लागेल. दुसरा सूर दुसऱ्या बारच्या दुसऱ्या ठोक्यापासून सुरू होऊन तिसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर संपेल, पुन्हा टाय. टाय दिसायला थोड्या जास्त होतात, पण व्हायोलिनवाल्याला कळतं की आपण बारलाइन ओलांडतो आहोत. तुकड्यांमध्ये क्वेव्हर (क्रॉचेटच्या निम्मे सूर) असतील तर बारलाइनवरून जाणारा बीम (सुरांच्या दांड्या जोडणारी जाड रेघ) ओढण्याचा मोह टाळा. दोन-चार बारांसाठी स्टाफच्या वर कंसासारखी रेघ देऊन '४', '४', '२', '२', '२' असं लिहिलं तर तेवढं पुरतं, आणि ते फक्त कंडक्टरच्या स्कोअरमध्ये (सगळ्यांचे सूर एकत्र असलेल्या प्रतीत). पार्टमध्ये का नको, ते पुढे येईल.

आता शेजारी-शेजारी लिहिलेल्या दोन सिग्नेचरबद्दल. पहिल्या बारच्या आधी ३/४ आणि त्याला लागून ४/४, मध्ये थोडी मोकळी जागा, बस. याचा अर्थ: पहिला बार तीनचा, दुसरा चारचा, तिसरा तीनचा, असंच पुढे, वेगळं सांगेपर्यंत. मधे अधिकचं चिन्ह घालू नका. ३/४ + ४/४ असं दिसलं की बरेच वादक ते सात ठोक्यांच्या एकाच बारचं लिखाण समजतात, आणि तसं समजायला छापील संगीतात पुरेसा आधार आहे. सिग्नेचरच्या वर छोट्या अक्षरांत 'आळीपाळीने' किंवा नेहमीच्या वापरातलं 'सिमिले' (तसंच पुढे) लिहिलं तर नवख्या गायकांनाही शंका राहत नाही.

ही रीत मात्र एका अटीवर चालते: क्रम अखंड असला पाहिजे. वादकाला तुम्ही शब्द दिलेला असतो की पुढचे सगळे बार याच क्रमाने येतील. एकदाही तो मोडला आणि तुम्ही तिथे स्पष्ट लिहिलं नाही, तर पुढचा प्रत्येक बार त्याला संशयाने मोजावा लागतो. मुसॉर्गस्कीच्या १८७४ सालच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन'मधला पहिला 'प्रोमेनाद' पाहा. सुरुवातीचे बार ५/४, ६/४ असे आळीपाळीने जातात, ऐकताना कोणी चालतं आहे असं वाटतं, पण पुढे तो क्रम तसाच राहत नाही. अशा ठिकाणी जिथून क्रम बदलतो तिथून प्रत्येक बारला स्वतःची सिग्नेचर लागते, आणि क्रम परत सुरू झाला तर जोडी पुन्हा लिहावी लागते. दुसरा मार्ग नाही.

तुमच्या गाण्यात क्रम अखंड आहे हे आत्ताच ठरलं, पण तरी तीन जागा तपासा, कारण तिथे तो नकळत तुटतो.

पहिली जागा म्हणजे मुखडा. दीपचंदीतलं गाणं समेपासूनच उठेल असं नाही. मुखडा अकराव्या मात्रेपासून उठत असेल तर कागदावरचा पहिला बार चारचा होईल, आणि सिग्नेचर मात्र ३/४, ४/४ या क्रमात असेल. वाचणारा तो पहिला बार तीनचा धरणार. हे टाळायला मुखड्याचा तो बार सुरुवातीचा अपुरा बार म्हणून वेगळा ठेवा, त्याला सरळ ४/४ लिहा, आणि समेच्या बारला ३/४, ४/४ ही जोडी द्या. बार क्रमांक १ तिथूनच सुरू करा.

दुसरी जागा पुनरावृत्ती. पुनरावृत्तीच्या चिन्हांमध्ये विषम संख्येने बार असले, समजा सात, तर शेवटचा बार तीनचा येतो आणि मागे गेल्यावर पहिला बारही तीनचा. लागोपाठ दोन तीनचे. की क्रम पुढे चालू धरून पहिला बार आता चारचा वाजवायचा? कागद काहीच सांगत नाही. पहिला आणि दुसरा शेवट अशी चौकट घातली असेल तर हा घोळ हमखास होतो. तालाच्या गाण्यात हा प्रसंग येतो तो बहुतेक वेळा संपादनाच्या चुकीनेच, कारण तबलजी अर्ध्या आवर्तनावर मागे जाणार नाही. चिन्हांमधले बार चारच्या पटीत आहेत की नाहीत ते मोजा. नसतील तर चूक शोधा.

तिसरी जागा पान उलटण्याची. 'की सिग्नेचर', म्हणजे कोणते सूर कायम शार्प किंवा फ्लॅट ते सांगणारी चिन्हं, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा छापली जाते. टाइम सिग्नेचर छापली जात नाही. पहिल्या पानावर एकदा लिहिलेली जोडी चौथ्या पानावर कोणाच्या लक्षात असेल? रिहर्सलमध्ये 'एफपासून घेऊ या' म्हटलं की एफ हे खुणेचं अक्षर (रिहर्सल अक्षर) असलेला बार तीनचा की चारचा हे वादकाला सूर मोजून ठरवावं लागतं, आणि तिथे फक्त विराम असेल तर तेही करता येत नाही. म्हणून मी प्रत्येक रिहर्सल अक्षराच्या बारला ती जोडी कंसात पुन्हा लिहिते. आणि रिहर्सल अक्षर फक्त समेवर ठेवते. म्हणजे जिथे अक्षर, तिथे सम, तिथे तीनचा बार. हे एकदा कळलं की कोणी विचारत नाही.

यापेक्षाही जास्त काम करते ती पानाची मांडणी, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. एका ओळीत चार बार ठेवा. एक ओळ, एक आवर्तन. विलंबित जागेत शब्द दाटले तर अर्धं आवर्तन, म्हणजे दोन बार. पार्टमध्ये मोकळे सूर असले तर आठ बार. पाच किंवा सहा बारांची ओळ कधीही नको. सॉफ्टवेअर स्वतःहून ओळी पाडतं तेव्हा जागेचा हिशेब बघतं, तालाचा नाही. त्यामुळे एका ओळीत पाच, दुसरीत चार, तिसरीत सहा असं होतं. प्रत्येक ओळ समेवर सुरू झाली की डोळ्याला आकार दिसतो: डावीकडचा बार अरुंद, मग रुंद, मग अरुंद, मग रुंद. तीन ठोक्यांच्या बारला चार ठोक्यांच्या बारपेक्षा कमी रुंदी मिळेल याची काळजी घ्या. चार-पाच ओळींनंतर वादक सिग्नेचर आठवायचं सोडून देतो, कारण पानच त्याला ते सांगत राहतं.

आता ती पार्टमधल्या आकड्यांची गोष्ट. आपल्याकडे ताल शिकलेला कोणीही अरेंजर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे स्टाफच्या वर तालाची चिन्हं लिहितो. भातखंडे पद्धतीत समेला गुणिलेची खूण, खालीला शून्य, बाकी टाळ्यांना २, ३. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकची खूण. गायकांच्या आणि तबल्याच्या पार्टमध्ये हे जरूर लिहा, त्यांना त्याचा फार आधार वाटतो. कोणती पद्धत वापरली ते पहिल्या पानावर एका ओळीत सांगा, कारण कॉयरमध्ये दोन्हीकडचे लोक असतात. पण तंतुवाद्यांच्या पार्टमध्ये यातलं एकही चिन्ह नको. व्हायोलिनवाल्यासाठी सुरावरचं शून्य म्हणजे मोकळी तार. २ आणि ३ म्हणजे दुसरं आणि तिसरं बोट. अधिकची खूण म्हणजे डाव्या हाताने तार छेडायची. तुम्ही आठव्या मात्रेवर खाली म्हणून शून्य लिहिलं आणि तिथे डी किंवा ए असेल, तर तो मोकळी तार वाजवणार, आणि तुम्ही विचारत राहणार की या एकाच सुराचा पोत असा वेगळा का. स्टाफच्या वर पुरेशी उंच जागा सोडून, चौकटीत लिहूनही हा धोका पुरता जात नाही. चार-चार-दोनच्या आकड्यांबद्दल मी वर जे म्हटलं ते याचसाठी. व्हायोलिनच्या पार्टमध्ये '४' म्हणजे करंगळी. तंतुवाद्यवाल्यांना सम दाखवायला चौकटीतलं रिहर्सल अक्षर आणि ओळीची सुरुवात एवढं पुरतं. अगदीच हवं तर 'सम' हा शब्द लिहा. शब्दाला कोणी बोट समजणार नाही.

विरामांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न, आणि व्हायोलावाल्याचा जीव यावर अवलंबून असतो. तुमच्या धृपदात, म्हणजे पालुपदात, व्हायोला आठ बार गप्प आहे असं धरू. प्रत्येक बारला सिग्नेचर दिली असेल तर सॉफ्टवेअर ते आठ विराम एकत्र करणार नाही, कारण बदलत्या सिग्नेचरवर विरामाचा गठ्ठा तुटतोच. आठ सुटे विराम, आठ सिग्नेचर, एक अख्खी ओळ. जोडीची रीत वापरली तर उलट होतं: जाड आडवी रेघ आणि वर '८'. हे आठ नेमके कसे मोजायचे? तीन, चार, तीन, चार, अठ्ठावीस ठोके. मोजता येतात, पण सुरुवात तीनने की चारने हे रेघेवर लिहिलेलं नसतं. यावर माझा तोडगा असा: गठ्ठे आवर्तनाचे करा. आठ बारांची एक रेघ नको, चार-चारच्या दोन रेघा हव्यात, आणि पहिलीच्या वर '२ आवर्तनं' असं लिहा. शेवटच्या बारात कॉयरचे शेवटचे तीन-चार सूर छोट्या आकारात क्यू (प्रवेशाची खूण) म्हणून द्या, शब्दांसकट. व्हायोलावाला मग मोजत बसत नाही, ऐकत बसतो, आणि प्रवेश बरोबर होतो. एका बारचा विराम लिहिताना तो तीनचा असो की चारचा, सेमीब्रीव्हचाच (चार ठोक्यांच्या सुराचा) विराम बारच्या मध्यभागी येतो. तीनच्या बारात डॉटेड मिनिमचा विराम लिहू नये.

७/४ बद्दल आता. मी निर्णय कंडक्टरच्या हातावरून घेते. हात चौदा मात्रांत चारदा खाली येणार असेल तर चार बार लिहा. दोनदाच येणार असेल तर ७/४चे दोन बार. दीपचंदीत ७/४चा एक मोठा फायदा आहे: पहिला ठोका आलटून-पालटून समेवर आणि खालीवर पडतो, जे ऐकायलाही खरं वाटतं. लय चढी असेल, चौदा मात्रा झरझर जात असतील, तर ७/८ लिहून क्वेव्हरचे ३+४ असे बीम करणं सगळ्यांत वाचनीय. संथ, गायकीच्या लयीत मात्र सात ठोक्यांचा बार लांबलचक होतो आणि चौथ्या मात्रेवरची टाळी बारच्या पोटात लपते. एक सिग्नेचर कुठे शोभते ते पाहायचं तर चायकोव्हस्कीच्या १८९३ सालच्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग: ५/४, आतून २+३, पण चाल इतकी सलग की पाच ठोक्यांचा एकच श्वास वाटतो. तिथे २/४ आणि ३/४ असं तोडलं असतं तर वॉल्ट्झसारखा तो झोका गेला असता. बार्टोकने 'मिक्रोकॉसमॉस'च्या सहाव्या खंडातल्या बल्गेरियन लयीच्या नृत्यांत तिसरा मार्ग घेतला: वरच्या आकड्यातच वाटणी लिहिली, ४+२+३ खाली ८, किंवा २+२+३ खाली ८. तुम्ही ७/४ कडे गेलातच तर असंच ३+४ खाली ४ लिहा, आणि तिसऱ्या ठोक्यानंतर तुटक बारलाइन द्या.

पण एक लक्षात ठेवा. तुटक बारलाइन ही बारलाइन नाही. शार्प, फ्लॅट आणि नॅचरल (सूर चढवणारं, उतरवणारं आणि मूळ जागी आणणारं चिन्ह) यांचा अंमल खऱ्या बारलाइनपर्यंत चालतो. तुटक रेघेने तो संपत नाही. समजा षड्ज सी आहे, दुसऱ्या मात्रेवर कोमल निषाद म्हणून बी फ्लॅट आला, आणि सहाव्या मात्रेवर शुद्ध निषाद आहे. ३/४, ४/४ मध्ये लिहिताना मधल्या बारलाइनने फ्लॅट संपतो, सहावीवर काही लिहिलं नाही तरी बी शुद्धच. तेच ७/४ मध्ये गेलं की सहाव्या मात्रेवर नॅचरलचं चिन्ह लागणारच. नाहीतर अख्खा व्हायोलिन विभाग प्रामाणिकपणे कोमल वाजवेल. दोन्ही निषाद लागणाऱ्या रागांत, आणि दीपचंदीतल्या ठुमरी अंगाच्या रचना बऱ्याचदा अशाच असतात, सिग्नेचर बदलताना प्रत्येक बार पुन्हा तपासावा लागतो. मी जोडीच्या रीतीकडे झुकते त्याचं हेही एक कारण आहे. तसं पाहिलं तर सूक्ष्मपणे बदलणाऱ्या निषादाला जवळच बारलाइन असणं केव्हाही चांगलं.

समजा तुमचे ते पाच बार खरोखरच तुटलेले असते: तबला थांबतो, कॉयर एकटी गाते, ठेका नंतर नव्याने उठतो. मग ४/४, ४/४, २/४, २/४, २/४ हेच बरोबर लिखाण. तेव्हा बदलणाऱ्या प्रत्येक बारला सिग्नेचर द्या, दुसऱ्या ४/४ला आणि पुढच्या २/४ला पुन्हा लिहायची गरज नाही, कारण तिथे काही बदलत नाही. मात्र जोडीच्या अमलाखालून आत्ताच बाहेर पडलेल्या वादकाला दुसरा बार तीनचा वाटू शकतो, म्हणून त्या एका बारवर कंसात ४/४ देणं मी पसंत करते. बदल ओळीच्या पहिल्या बारात पडत असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटी, बारलाइननंतर, सूचना म्हणून नवी सिग्नेचर दिसलीच पाहिजे. दुहेरी बारलाइन लागत नाही. सिग्नेचर बदलली म्हणून दुहेरी रेघ ओढली की वादकाला वाटतं नवा विभाग सुरू झाला. आणि ठेका परत उठतो त्या बारला ३/४, ४/४ ही जोडी पूर्ण लिहा.

खालचे आकडे वेगळे असतील तर आणखी एक गोष्ट बंधनकारक होते. ३/८ नंतर २/४ आलं तर काय समान राहतं, क्वेव्हर की ठोका? बारलाइनच्या वर 'क्वेव्हर = क्वेव्हर' हे चिन्हांनी लिहा. फक्त 'तीच लय' अशा अर्थाचे इटालियन शब्द लिहिले तर लय ठोक्याची की क्वेव्हरची हे उघडंच राहतं. बर्नस्टाइनच्या १९५७ सालच्या 'वेस्ट साइड स्टोरी'तलं 'अमेरिका' हे गाणं याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: ६/८ आणि ३/४ आळीपाळीने, जोडी सुरुवातीलाच, आणि दोन्ही बारांत क्वेव्हर सहाच. फक्त ते तीन-तीन होतात की दोन-दोन-दोन एवढाच फरक, आणि तो बीमवरून लगेच दिसतो. खालचा आकडा कोणता निवडावा हेही वाचनाचंच काम आहे. स्ट्राविन्स्कीने १९१३च्या 'राइट ऑफ स्प्रिंग'मधलं शेवटचं नृत्य १९४३ मध्ये नव्याने लिहिलं तेव्हा सेमीक्वेव्हरच्या (क्वेव्हरच्या निम्म्या सुराच्या) जागी क्वेव्हर हे एकक घेतलं. जवळजवळ प्रत्येक बारला सिग्नेचर बदलते तिथे वादकाला कमी शेपट्या दिसणं ही फार मोठी मदत असते.

स्कोअर आणि पार्ट यांत सिग्नेचर सारख्या आकारात असायला हवी असंही नाही. कंडक्टर लांबून बघतो. स्कोअरमध्ये उंच, अरुंद आकडे दोन-तीन स्टाफ व्यापतील असे, किंवा ओळीच्या वर मोठ्या अक्षरात ठेवले की पान हलकं होतं आणि हाताला वेळेवर सूचना मिळते. खंडांसाठी बरेच कंडक्टर स्वतः पेन्सिलने तीनला त्रिकोण आणि दोनला छोटा चौकोनी कंस काढतात. ते छापून देऊ नका, प्रत्येकाची सवय वेगळी असते. पार्टमध्ये सिग्नेचर नेहमीच्या आकारात, स्टाफच्या आतच.

रेकॉर्डिंग क्लिकवर (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर) करणार असाल तर क्लिकचा नकाशाही ३/४, ४/४ असाच बांधा, म्हणजे जोराचा ठोका दर बारच्या सुरुवातीला येईल. सात ठोक्यांना एकच जोर दिलेली क्लिक कानात असेल तर कागदावर कितीही सुंदर लिहिलं तरी चौथी मात्रा डळमळते. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी हिंदुस्थानी चाली स्टाफवर उतरवून व्हायोलिनच्या मोठ्या ताफ्यांपुढे ठेवल्या. ताल न शिकलेल्या पण स्टाफ सहज वाचणाऱ्या वादकांसाठी लिहायची ही आपली परंपरा जुनी आहे, आणि तिची पहिली गरज हीच होती की कागद पहिल्याच वाचनात कळावा.

नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडंसं. डोरिकोमध्ये आळीपाळीच्या सिग्नेचर हा स्वतंत्र प्रकार आहे. एकदा दिल्या की बार आपोआप तसे पडतात. म्युझस्कोअरमध्ये मी सरळ प्रत्येक बारला खरी सिग्नेचर देते, म्हणजे बारांची लांबी आणि प्लेबॅक बरोबर राहतो, आणि मग पहिली जोडी सोडून बाकीच्या निवडून 'व्ही' दाबून अदृश्य करते. अदृश्य केलेल्या चिन्हाची जागा कधी कधी रिकामी राहते, ती बारची रुंदी बघून आवळून घ्यावी लागते. ओळीच्या शेवटी येणाऱ्या सूचनेच्या सिग्नेचरही गुणधर्मांत जाऊन बंद कराव्या लागतात, नाहीतर छपाईत त्या अचानक उगवतात. विरामांचे गठ्ठे अशा फाइलमध्ये हातानेच बघा, आणि प्रत्येक पार्ट वेगळा उघडून तपासा. स्कोअरमध्ये लपवलेलं पार्टमध्येही लपलं आहे असं गृहीत धरू नका.

पार्ट वाटण्याआधी एक चाचणी करा. स्कोअर बाजूला ठेवून फक्त व्हायोलाचा पार्ट घ्या, कोणत्याही रिहर्सल अक्षरावर बोट ठेवा आणि तबल्याचा ठेका लावून तिथून मोठ्याने मोजायला सुरुवात करा. दोन ओळींच्या आत कुठे थबकावं लागलं, तर तिथे काय लिहायचं राहिलं आहे ते बघा. अंतऱ्याच्या शेवटच्या त्या चौदा मात्रा आणि धृपदातले विराम, या दोन जागांपासून सुरुवात करा.